मेंदूवरचा विज्ञान प्रकल्प निवडताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे. बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवला आहे.)



पंचवीस वर्षं झाली म्हटल्यावर जुन्या आठवणी निघणारच. टँकरची वाट बघत लावलेल्या घागरी, बोअरला पाणी लागलं त्या दिवशी वाटलेले पेढे, पहिल्या घराची वास्तुशांत, सगळं निघेल. ते सांगायला माझ्यापेक्षा जुने सभासद इथे बसलेले आहेत. मला कार्यकारिणीनं विषय दिलाय तो पोरांचा, आणि त्याला कारणही आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र शाळेत आलं, की आपल्या सोसायटीतलं कुणी ना कुणी वही घेऊन माझ्या दारात उभं राहतं. "सर, मेंदूवर प्रकल्प करायचाय. सोपा सांगा. आणि दिसायला भारी पाहिजे."

सोपा आणि भारी! आता या दोन शब्दांतच सगळी गडबड आहे. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो. मुलांनी ऐकावं, पण त्यांच्या आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी जास्त ऐकावं. कारण मेंदूवरचा प्रकल्प शाळेत मांडला जातो खरा, पण तो होतो तुमच्या ओट्यावर आणि तुमच्यावरच.

नोकरीत असताना आणि नंतर परीक्षक म्हणून मी पुष्कळ प्रदर्शनं पाहिली. मेंदूचं दालन कसं असतं, सांगू? एक थर्माकोलचा मेंदू. चार रंग. टाचणीला लावलेल्या कागदी झेंड्यांवर नावं : मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा. मागे फ्लेक्स. शेजारी इस्त्रीच्या गणवेशात पाठ केलेलं सांगणारी दोन मुलं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तेव्हा मला वाटलं, आता तरी सुटका होईल. तर थर्माकोल गेलं आणि कागदाचा लगदा आला. मेंदू तोच!

लगद्याचा मेंदू करणं वाईट नाही. हस्तकला म्हणून चांगलं आहे. पण त्यातून मुलाला नवीन काय कळलं? पुस्तकातलं चित्र त्यानं फुगवून टेबलावर ठेवलं, एवढंच. अशा दालनापुढे मी एकच प्रश्न विचारायचो : "बाळ, यात तू स्वतः काय शोधलंस?" मुलं एकमेकांकडे बघायची. मग गुरुजींकडे बघायची.

आता तुम्ही म्हणाल, सर, मेंदू काय उघडून बघता येतो का? नाही येत. कवटीच्या आत साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा तो ऐवज. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण आपण बसून असतानासुद्धा शरीराची जवळजवळ वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. घरातला एक माणूस सगळ्यांच्या पाचव्या हिश्श्याचं जेवतो म्हणा ना! त्याला हात लावता येत नाही. पण तो काम किती वेळात करतो, कुठे अडखळतो, काय धरून ठेवतो आणि काय सोडून देतो, हे मोजता येतं. त्यासाठी पट्टी पुरते, घड्याळ पुरतं, हेअरपिन पुरते.

आणि प्रश्न विचारायचा म्हणजे कसा, त्याची एक खरी गोष्ट सांगतो. मेंदूत चेतापेशी किती? वर्षानुवर्षं पुस्तकांत आकडा असायचा शंभर अब्ज, म्हणजे दहा हजार कोटी. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल या बाईंना प्रश्न पडला, की हे मोजलं कुणी? त्या शोधायला लागल्या, तर मूळ मोजणी कुठे सापडेना. सगळे एकमेकांचा आकडा उतरवून घेत होते. मग त्यांनी मोजायची नवी रीत काढली. मेंदूच्या ऊतीचं चक्क पातळ द्रावण करायचं, ते नीट ढवळायचं, आणि त्याच्या थेंबातली पेशींची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. वरणात मीठ सगळीकडे सारखं लागलंय का, हे आपण एका चमच्यावरून ओळखतो, तशातलाच हा प्रकार. त्यांच्या गटानं २००९ साली आकडा दिला, सुमारे ८६ अब्ज. म्हणजे चौदा अब्जांचा फरक! आणि तो निघाला कशातून? "हे मोजलं कुणी?" या प्रश्नातून. हा प्रश्न विचारायला डॉक्टरेट लागत नाही. सातवीतलं पोरगंही विचारू शकतं.

तर प्रकल्प निवडायचा कसा? आपण जोंधळे चाळतो ना, तशा तीन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळणी : याचं उत्तर आकड्यात येईल का? "मेंदूचे महत्त्व" हा निबंधाचा विषय झाला. "पाढा म्हणत असताना पट्टी पकडायला जास्त वेळ लागतो का?" हा प्रकल्पाचा विषय झाला.

दुसरी चाळणी : उत्तर मला आधीच माहीत आहे का? पुस्तकात थेट छापलेलं असेल, तर पाठ करा आणि पुढे चला. आपल्या गल्लीत, आपल्या वयाच्या मुलांत, आपल्या भाषेत काय होतं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

तिसरी चाळणी सगळ्यात बारीक : हे करताना कुणाला इजा होईल का, कुणाचा पाणउतारा होईल का? हिच्याकडे शेवटी येतो, कारण माझ्या मते तीच महत्त्वाची आहे.

आता पोरांनो, वही काढा. एकेक प्रकल्प सांगतो.

पहिला पट्टीचा. पाचवी ते सातवीच्या मुलांनी करावा. तीस सेंटीमीटरची पट्टी एकानं वरून उभी धरायची. दुसऱ्यानं अंगठा आणि बोट शून्यापाशी उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची, समोरच्यानं पकडायची. दहा सेंटीमीटरवर पकडली तर साधारण ०.१४ सेकंद लागले, वीसवर ०.२० सेकंद, तीसवर ०.२५ सेकंद. हा हिशोब गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातून येतो. नववी-दहावीच्या दादा-ताईंकडून समजून घ्या. एवढ्या वेळात डोळ्यांनी पाहिलं, खबर मेंदूला गेली, मेंदूनं ठरवलं, हुकूम मणक्यातून हातापर्यंत आला आणि बोटं मिटली.

पण नुसतं मोजून थांबायचं नाही. आता तीच पट्टी सतराचा पाढा म्हणत पकडा. वेळ वाढतो का? किती वाढतो? हा झाला प्रश्न. आपल्या धारूरच्या घाटात एका हातानं मोबाइल कानाला लावून मोटारसायकल चालवणारे आपण रोज बघतो. ताशी चाळीसच्या वेगाला गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. मेंदूला दुसरं काम लावलं आणि ब्रेकला अर्धा सेकंद उशीर झाला, तर साडेपाच मीटर. वळणावर साडेपाच मीटर म्हणजे काय, ते मी सांगायला नको. असा तक्ता मुलानं स्वतः काढलेला असेल, तर बाप गाडीवर बोलताना चार वेळा विचार करील. माझ्या सांगण्यानं करणार नाही!

यात एक बारकावा आहे. दुसऱ्यांदा पकडताना सरावानं हात सुधारतो. म्हणून निम्म्या लोकांना आधी पाढ्यासह आणि निम्म्यांना आधी पाढ्याशिवाय करायला लावायचं. प्रत्येकाच्या दहा खेपा घ्यायच्या, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि मधला घ्यायचा. वीस माणसं, दहा खेपा, दोन प्रकार : चारशे आकडे होतात. एवढी वही भरली की परीक्षकापुढे पाय लटपटत नाहीत. पाठांतर विसरतं, पण आपण मोजलेलं विसरत नाही.

दुसरा प्रकल्प आठवी-नववीसाठी. अमेरिकेत जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग ओळखून सांगायला लोकांना सरासरी ६३ सेकंद लागले. मग त्यांनी रंगांची नावंच भलत्या रंगात छापली. म्हणजे "लाल" हा शब्द निळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. आता लागले ११० सेकंद! कारण वाचता येणाऱ्या माणसाला शब्द दिसला, की तो न वाचता राहताच येत नाही. मेंदू आधी वाचून मोकळा होतो आणि मग त्याला स्वतःलाच आवरावं लागतं.

स्मरणिका काळ्या शाईत छापायची आहे, म्हणून रंग दाखवता येत नाहीत. पण त्याचाच एक चुलतभाऊ इथे छापतो. खालच्या प्रत्येक ओळीत किती खुणा आहेत, ते मोठ्यानं आणि भराभर सांगा :

× × ×
×
× × × ×
× ×

सोपं गेलं ना? आता खालच्या प्रत्येक ओळीत किती आकडे आहेत, ते सांगा. आकडा वाचायचा नाही. किती आहेत, एवढंच :

३ ३
१ १ १ १
४
२ २ २

जीभ अडखळली असेल. हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून केलं तेव्हा काय गोंधळ उडाला, तो आठवा. हा गोंधळ म्हणजेच मेंदू काम करताना "दिसणं".

आता यात आपला प्रश्न कुठला? आपल्या मुलांत कुणी मराठी माध्यमात आहे, कुणी सेमी-इंग्रजीत, शेजारपाजारी उर्दू शाळेत जाणारी मुलं आहेत. "लाल" हा शब्द निळ्या स्केचपेननं मराठीत लिहिला तर जास्त अडखळायला होतं, की इंग्रजीत लिहिला तर? जी लिपी आपण जास्त सफाईनं वाचतो, ती जास्त आडवी येते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मग तिसरीतल्या मुलाचं काय, ज्याला अजून अक्षर लावून वाचावं लागतं? त्याला कदाचित कमी अडचण येईल! जिथे लहान भाऊ मोठ्या भावाला हरवण्याची शक्यता आहे, असा प्रयोग मुलांना आवडतोच. लागतं काय? पांढरा कागद, चार स्केचपेन आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. एक काळजी घ्या : काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरवा रंग नीट वेगळा दिसत नाही. ते आधी बाजूला घेऊन हळूच तपासा. सगळ्यांसमोर कुणाचं हसं होता कामा नये.

तिसरा प्रकल्प त्वचेचा. लहानपणी आपण पाठीवर बोटानं अक्षर काढून "ओळख" म्हणायचो, ते आठवतं? हेअरपिनची दोन टोकं वाकवून ठरावीक अंतरावर आणा. समोरच्यानं डोळे मिटायचे. हलकेच टेकवा आणि विचारा, एक की दोन? मधूनमधून मुद्दाम एकच टोक टेकवा, म्हणजे कुणी अंदाजपंचे ठोकून देणार नाही. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही कळतं. पाठीवर सुमारे चार सेंटीमीटरपर्यंत दोन टोकंसुद्धा एकच वाटतात. त्वचा तीच, मग फरक का? कारण बोटांच्या टोकाशी जाणिवेचे चेतातंतू दाटीनं असतात आणि मेंदूनंही बोटांना, ओठांना मोठा हिस्सा वाटून दिलाय, पाठीला छोटा. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी हा नकाशा काढला. ते फिट येणाऱ्या रुग्णांवर, रुग्ण जागे असताना, मेंदूची शस्त्रक्रिया करायचे आणि कुठे स्पर्श केला की रुग्णाला कुठे जाणवतं, ते टिपून ठेवायचे. आपण शोधायचं ते हे : शिवणकाम करणाऱ्या काकूंची बोटं आणि कॉलेजच्या पोराची बोटं, यांत फरक निघतो का? मला विचाराल तर मी अंदाज सांगणार नाही. मोजा आणि मला सांगा.

चौथा प्रकल्प आठवणीचा, आणि याला आजी-आजोबा लागतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ साली विसरण्यावर पुस्तक लिहिलं. प्रयोग कुणावर केले? स्वतःवर! अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही काळानं तीच पुन्हा पाठ करायची. पहिल्यांदा किती वेळा वाचावं लागलं, दुसऱ्यांदा किती वेळा, यातली बचत म्हणजे डोक्यात उरलेली आठवण. "नुगे, टिबो, फेसा, झुमी" असले दहा शब्द तुम्हीही बनवू शकता. विसरणं सुरुवातीला भराभर होतं आणि मग मंदावतं, हे त्यानं दाखवलं.

आपल्याकडे याची एक छान जोड आहे. इथे बसलेल्या कितीतरी आजोबांना पावकी, निमकी, दीडकी, औटकी अजून येते. काल कोणती भाजी झाली ते आठवायला वेळ लागेल, पण साडेतीन सत्ते किती, ते झोपेतून उठवून विचारा! साठ वर्षांपूर्वी घोकलेलं आणि काल ऐकलेलं यांतला फरक मोजता येतो. आज दिलेल्या दहा शब्दांपैकी अर्ध्या तासानं किती आठवले, आणि पावकीच्या दहा ओळींपैकी किती बरोबर आल्या, दोन्ही लिहा. यानं नातवाला विज्ञान कळेल आणि औटकी म्हणजे काय तेही कळेल.

पाचवा प्रकल्प दहावीच्या मुला-मुलींनी करावा, कारण त्याला थोडी समज लागते. विषय आहे फिट येण्याचा. आपण फेफरं म्हणतो, मिरगी म्हणतो, आकडी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा तो तात्पुरता गोंधळ आहे. बाहेरची बाधा नाही, कुणाचं पाप नाही. तरी अजून रस्त्यात कुणाला फिट आली, की चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, दातांत चमचा घालतात. आणि घरातल्या मुलीला फिट येते, हे लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवतात. तेही उगाच नाही. आपल्या हिंदू विवाह कायद्यातच लग्नाच्या अटींमध्ये वारंवार येणाऱ्या फेफऱ्याचा उल्लेख वेडाच्या जोडीनं होता. तो १९९९ साली काढला. कायद्यातून गेला, आपल्या डोक्यातून गेला का, ते मोजायचं बाकी आहे.

तर दहा प्रश्नांचा कागद करा. फिट आलेल्याच्या तोंडात काही घालावं का? घालू नये. हातपाय दाबून धरावेत का? धरू नयेत. कुशीवर वळवावं का? वळवावं. घड्याळ बघावं का? बघावं, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ चालली तर दवाखान्यात न्यावं. हा कागद पन्नास लोकांकडून भरून घ्या. मग त्यांना योग्य माहिती द्या. पंधरा दिवसांनी तोच कागद पुन्हा भरून घ्या. किती उत्तरं बदलली? तो तुमचा निकाल. एक गोष्ट मात्र चुकूनही विचारायची नाही : "तुमच्या घरात कुणाला आहे का?" आपल्याला लोकांची माहिती तपासायचीय, त्यांची घरं नाही.

आता काय निवडू नये, तेही सांगतो. "माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो" हे साफ खोटं आहे. त्यावर फ्लेक्स करू नका. "डाव्या मेंदूचे हिशोबी, उजव्या मेंदूचे कलावंत" हीसुद्धा बाजारगप्पा आहे. मिडब्रेन ॲक्टिव्हेशन नावाचे वर्ग निघाले होते. पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात, असा दावा करायचे आणि आई-बापांकडून हजारो रुपये घ्यायचे. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. गोम साधी असते. नाकाच्या बाजूला पट्टीखाली फट राहते, तिच्यातून दिसतं. फट बुजवली की वाचन बंद. हुशार मुलांनी हवं तर याच फटीवर प्रकल्प करावा!

बोकडाचा भेजा आणून बरणीत ठेवायची कल्पनाही दरवर्षी कुणाला तरी सुचते. फॉर्मालिन हे विषारी रसायन आहे, ते मुलांच्या हाती देऊ नका. खरा मेंदू बघायचाच असेल, तर शाळेचं रीतसर पत्र घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघता येईल. कधी बंगळुरूला जाणं झालं, तर निम्हान्स या संस्थेत मेंदूचं संग्रहालय आहे. तिथे माणसाचा खरा मेंदू जवळून पाहता येतो.

आता ती तिसरी चाळणी.

झाडावर प्रकल्प केला तर झाड काही म्हणत नाही. मेंदूवरचा प्रकल्प म्हणजे माणसांवरचा प्रकल्प. आणि आपल्या बाबतीत ती माणसं अनोळखी नसतात. भिंतीला भिंत लागून राहणारी असतात. समजा, एखाद्या मुलानं शेजारच्या आजींना दहा शब्द सांगितले आणि त्यांना दोनच आठवले. ते पोरगं खाली येऊन मित्रांना म्हणालं, "अमक्याची आजी पार विसरभोळी झाली." संध्याकाळपर्यंत ते चार घरांत जातं. महिन्याभरात त्या आजींच्या हातात पैसे द्यायला, त्यांच्याजवळ लेकरू सोपवायला लोक कचरतात. दहा शब्दांच्या खेळावरून कुणाचा आजार ठरत नाही; त्यांना त्या दिवशी नीट ऐकू आलं नसेल, झोप झाली नसेल, नुसता कंटाळा आला असेल. पण वस्तीत एकदा शिक्का बसला की तो निघत नाही. मुलाचा बक्षिसाचा कागद कपाटात जातो आणि आजींचा शिक्का त्यांच्याबरोबर राहतो.

म्हणून नियम चार. आधी विचारायचं, आणि "नाही" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडू द्यायचं. वहीत नाव लिहायचं नाही. क्रमांक आणि वयोगट लिहायचा. आणि कुणाचा आकडा कुणाला सांगायचा नाही, अगदी आईलाही नाही. लहान मुलांवर प्रयोग असेल तर त्यांच्या पालकांना विचारायचं. मोठमोठ्या संशोधन संस्थांत यासाठी नैतिक समित्या असतात. आपल्याकडे समिती नसली तरी नीती असायला काय हरकत आहे?

पालकांनो, तुम्हाला दोनच विनंत्या. प्रकल्प तुम्ही करू नका. फ्लेक्सवाल्याला फोन तुम्ही केला, मांडणी तुम्ही केली, की मूल तिथे नुसतं राखणीला बसतं. आणि दुसरी, अंदाज चुकला तर आकडे बदलायला सांगू नका. "पाढा म्हणताना वेळ वाढेल" असं मुलाला वाटलं आणि वाढलाच नाही, तर तेच लिहू द्या. का वाढला नसेल, यावर त्याला डोकं चालवू द्या. एकदा का त्याला कळलं, की नंबरासाठी आकडे सरळ करता येतात, तर पुढे तो पाणीपुरवठ्याचे, रेशनचे, औषधांचे आकडेही सरळ करील. ती सवय इथे, या वहीतच मोडायला हवी.

प्रकल्प घेऊन जायचं कुठे? तालुका, जिल्हा, राज्य अशी विज्ञान प्रदर्शनाची पायरी आहेच. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत आपल्या परिसरातल्या प्रश्नावर स्वतः केलेलं काम अपेक्षित असतं. पट्टीचा किंवा फिटचा प्रकल्प तिथे शोभून दिसेल. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली तर कल्पनेला आकार द्यायला दहा हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात. पण तिथे नवी कल्पना लागते, हे ध्यानात ठेवा. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना वेळेत भेटा. शेवटच्या आठवड्यात भेटलात, तर पुन्हा लगद्याचा मेंदूच होईल.

शेवटी संचालक मंडळापुढे एक सूचना ठेवतो. कार्यालयात एक जाड वही ठेवावी. ज्या सभासदांची मुलांच्या प्रयोगात भाग घ्यायची तयारी आहे, त्यांनी आपलं नाव आणि सवडीची वेळ तिच्यात लिहावी. शेजारी एका डब्यात सहा पट्ट्या, चार रंगांचे स्केचपेन आणि एक साधं स्टॉपवॉच. खर्च पाचशे रुपयांच्या आत बसेल. पहिल्या वर्षीचा मी देतो. वार्षिक सभेच्या दिवशी मुलांनी आपले निकाल सगळ्यांना वाचून दाखवावेत, नावांशिवाय.

वहीत पहिलं नाव माझं लिहा. सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो. माझं वय आता असं आहे, की पट्टी कधी कधी पूर्ण खाली पडेल. पडली तर "पकडता आली नाही" असं स्पष्ट लिहा. फक्त क्रमांक टाका, नाव टाकू नका!